खानदेशातली पहिली नोकरी

ट्रेनिंगचा रिपोर्ट सरांनी परत दिला तेव्हा मला भयंकर राग आला होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीची भीती नाही. चाळीस पानं, रंगीत ग्राफ, स्पायरल बायंडिंग! सरांनी एवढंच विचारलं, की पंप का बंद पडत होता आणि आता काय करायला हवं? ते चाळीस पानांत कुठेच नव्हतं.

त्याच आठवड्यात मेहरूणला घरी बसून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं चरित्र वाचलं. दरवर्षी 15 सप्टेंबरला, अभियंता दिनाला, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. पण त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं आपल्या खानदेशात गेली, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

म्हैसूरकडचा हा गरीब घरातला मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकला आणि 1883 मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला. 1884 मध्ये तो मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता झाला. तेव्हा धुळे-जळगाव वेगळे नव्हते. 1906 पर्यंत सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. साक्री तालुक्यातल्या दातर्तीला पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाइपचा सायफन टाकायचं काम त्याच्याकडे आलं. पाऊस आणि वाळू यांनी काम अडलं. त्याने साहेबांना लिहिलं, की हे पावसाळ्यानंतर करू. साहेबांना ते अजिबात रुचलं नाही. मग त्याने सूचना मागे घेतली आणि काम पुरं करून दाखवलं.

मला वाटतं, धडा इथेच मिळाला असावा. अडचण कळवणं म्हणजे अर्धाच रिपोर्ट. वाट सुचवली की तो पूर्ण होतो.

पुढे सिंधमधल्या सक्करला पाणीपुरवठ्याचं काम आलं. सिंधूचं पाणी गढूळ आणि नगरपालिकेकडे गाळणीच्या टाक्यांना पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून झिरपलेलं पाणी वापरायचा उपाय काढला. उपाय नगरपालिकेच्या खिशाला परवडणारा होता!

खरी परीक्षा हैदराबादची. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीच्या पुराने हजारो माणसं नेली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी आधी पावसाची मोजमापं गोळा केली आणि नदीत किती पाणी आलं असेल याचा हिशोब मांडला. मग 1909 च्या अहवालात उपाय दिला, की शहराच्या वर मुसी आणि इसी या नद्यांवर दोन जलाशय बांधा, पुराचं पाणी तिथे अडवा आणि नदीला झेपेल तेवढंच खाली सोडा. काय झालं, का झालं, काय करायचं, सगळं ओळीने. निर्णय घेणाऱ्यांनी ते वाचलं आणि केलं. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. त्या कागदांवर एका शहराचा जीव अवलंबून होता.

नंतर ते म्हैसूरचे दिवाण झाले, 1955 मध्ये भारतरत्न मिळालं. नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा बिहारमध्ये मोकामाजवळ गंगेवर पूल कुठे बांधावा, याचा सल्ला द्यायला ते गेले होते. शंभरी पार करून 1962 मध्ये ते वारले.

मी रिपोर्ट पुन्हा लिहिला. नऊच पानं झाली. पंपात काय बिघडतं, का बिघडतं, दुरुस्तीला काय लागेल आणि खर्च किती, हे पहिल्याच पानावर टाकलं. सरांनी वाचून सही केली.

मित्रांनो, येत्या 15 सप्टेंबरला हार जरूर घालू. पण त्या दिवशी आपला एखादा जुना रिपोर्ट काढून त्याचं पहिलं पान वाचून बघा. ज्याने आपलं मशीन कधी पाहिलंच नाही, त्याला त्यावरून निर्णय घेता येईल का?