भाऊ दाजींची साक्ष

अधिकारपदावरील किंवा आदरस्थानी असलेल्या पुरुषावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला, की आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एकाच्या लेखी आरोप हाच पुरावा असतो, तर दुसऱ्याच्या लेखी प्रतिष्ठा हाच बचाव. चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबण्याची तयारी दोघांचीही नसते. भिलाईच्या वैशाली नगरात राहून पोलाद कारखान्यात, रेल्वेत किंवा राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य घालवणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला हा विषय दूरचा नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी, असे २०१३ चा कायदा सांगतो. अशा समितीपुढे आज ना उद्या आपल्यापैकी कोणाला तरी बसावे लागते, आणि कोणाला तरी साक्षीसाठी उभे राहावे लागते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी डॉक्टरवर अशीच वेळ आली होती. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचा जन्म १८२० च्या दशकात गोव्यातील पेडणे महालात, मांद्रे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. पोटापाण्यासाठी कुटुंब मुंबईस आले. मुलाचे बुद्धिबळातील चातुर्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत शिकत असतानाच्या काळात कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते १८५१ साली पदवीधर झाले. त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला आणि बंधू नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. कुष्ठरोगावरील देशी औषधांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला.

डॉक्टरकीपुरते ते थांबले नाहीत. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते अध्यक्ष झाले आणि मुलींच्या शाळांचे काम त्यांनी पुढे नेले. शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि हस्तलिखिते यांवरील त्यांच्या संशोधनाने प्राच्यविद्येच्या अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. नगरातील शेटिया मंडळींशी सार्वजनिक कामानिमित्त त्यांचा नित्य संबंध येई. त्यांच्या साक्षीचे मोल समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली पाहिजे. उघड्या न्यायालयात बोलून गमावण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते.

करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने २१ ऑक्टोबर १८६० रोजी ‘सत्यप्रकाश’ या आपल्या पत्रात वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला. धर्माच्या आवरणाखाली स्त्री-भक्तांचे लैंगिक शोषण होते, असा त्यातील आरोप होता आणि जदुनाथजी महाराजांचे नाव त्यात स्पष्टपणे आले होते. महाराजांनी १८६१ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात करसनदास आणि मुद्रक नानाभाई राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांच्या भरपाईसाठी बदनामीचा दावा लावला. म्हणजे ज्याच्यावर आरोप झाला तो वादी, आणि आरोप करणारा प्रतिवादी! आरोप खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार करसनदासांवर पडला.

तो भार पेलायचा तर साक्षीदार हवे होते, आणि अडचण नेमकी तेथेच होती. भाटिया समाजातील काही पुढाऱ्यांनी सभा घेऊन, महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचे ठरवले. त्या काळात जातीबाहेर होणे म्हणजे मुलांची लग्ने, व्यापारातील पत आणि अंत्यविधीची सोबत, सर्वच गमावणे. करसनदासांनी याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. साक्षीदारांना धमकावण्याचा कट केल्याबद्दल नऊ जणांना दंड झाला. मुख्य खटल्यापूर्वीचा हा निर्णय फारसा आठवला जात नाही. परंतु तो झाला नसता, तर मुख्य खटल्यात साक्षीदारांच्या पिंजऱ्यात किती जण उभे राहिले असते, याविषयी शंकाच आहे.

जानेवारी १८६२ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि ती चोवीस दिवस चालली. दोन्ही बाजूंनी साठाहून अधिक साक्षीदार तपासले गेले. महाराज स्वतः न्यायालयात आले. त्यांनी साक्ष दिली, आरोप नाकारले आणि उलटतपासणीस तोंड दिले. प्रतिवादीच्या बाजूने भाऊ दाजी उभे राहिले. महाराजांपैकी काहींवर आपण लैंगिक संसर्गाच्या आजारासाठी उपचार केल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले.

डॉक्टराने रुग्णाचे गुपित न्यायालयात उघड करावे काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. इंग्लंडमध्ये १७७६ पासूनच डॉक्टरास साक्षीपासून सूट नाही, असे कायदा मानत आला होता. कायदा भाऊंच्या बाजूने असला तरी त्याने मनाचा पेच सुटत नाही. भाऊंनी जे केले त्याची मर्यादा मात्र पाहण्यासारखी आहे. ज्याविषयी कुजबुज चालू होती, त्याविषयी आपल्या माहितीतले तेवढे त्यांनी न्यायाधीशांपुढे, शपथेवर सांगितले. विरुद्ध पक्षाच्या वकिलास प्रश्न विचारण्याची पूर्ण मुभा होती. साक्ष आणि अफवा यांतील फरक तो हाच.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. असा लेख प्रसिद्ध करण्यास पत्रकाराला कायद्याचे संरक्षण आहे काय, या मुद्द्यावर मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ अर्नोल्ड यांचे एकमत झाले नाही. लेखातील आरोप मात्र पुराव्याने खरे ठरले, यावर दोघेही सहमत होते. नीतीला जे अमान्य ते धर्माच्या नावाने मान्य होत नाही, हे अर्नोल्ड यांच्या निकालपत्राचे सार पुढे देशभर गाजले. या निकालाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा फौजदारी खटला नव्हता. कोणास शिक्षा झाली नाही. ज्या स्त्रियांविषयी एवढी चर्चा झाली, त्यांचे म्हणणे पुरुषांच्याच तोंडून न्यायालयात आले.

खटल्यानंतर भाऊंची प्रतिष्ठा ओसरली नाही. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी त्यांनी परिश्रम घेतले, ते १८७२ मध्ये खुले झाले आणि १९७५ पासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आरोप करणाऱ्यालाच बदनामीच्या खटल्यात उभे करण्याचा मार्ग १८६२ नंतर बंद झाला नाही. दिल्लीतील न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी पत्रकार प्रिया रमाणी यांना माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्या फिर्यादीतून निर्दोष मुक्त केले. त्या निकालास पुढे उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. दोन्ही पक्षांना हा मार्ग खुला असणे, हेच कायद्याचे राज्य.

२०१३ च्या कायद्याने चौकशीला नव्वद दिवसांची मुदत घातली आहे. समितीत किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक बाहेरची व्यक्ती असावी लागते, नावे गुप्त ठेवावी लागतात आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकावे लागते. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीस शिक्षेची तरतूद आहे. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यात नमूद आहे. तरतुदी पुरेशा आहेत. उणीव पडते ती शेजारच्या टेबलावर बसून सर्व पाहिलेल्या माणसाची. बढती, बदली आणि साहेबांची मर्जी यांचा विचार करून तो गप्प राहतो. त्याला निर्भयपणे बोलता येईल अशी व्यवस्था करणे हे कार्यालयप्रमुखाचे काम आहे, आणि बोलणे हे त्याचे स्वतःचे. भाटिया पुढाऱ्यांना दंड करणारे न्यायालय आणि शपथ घेणारे भाऊ दाजी, दोघेही होते म्हणूनच करसनदासांना न्याय मिळाला.