वलगावच्या पुलावर विसावलेला खराटा

अमरावतीजवळील वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर गावोगावची घाण झाडणारा खराटा तेथे विसावला.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. वडिलांच्या अकाली निधनानंतर ते दापुरे येथे आजोळी वाढले. गुरे राखली, शेती कसली. १९०५ साली त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्यांचा वेश, सोबत मातीचे गाडगे आणि हाती खराटा एवढाच त्यांचा संसार उरला.

पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधवून घेतला. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. गावात शिरताच बाबा रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून व्यसन, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांवर प्रहार करीत.

बाबांच्या स्वच्छतेच्या आग्रहामागील आरोग्यविचार विज्ञानाच्या कसोटीवरही उतरतो. उघड्यावरील विष्ठेतून जंतांची अंडी मातीत व पाण्यात मिसळतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. मातीत ती अनेक महिने, प्रसंगी काही वर्षेही तग धरतात आणि हातांवाटे किंवा कच्च्या भाजीवाटे पोटात जातात. मुलांची वाढ खुंटते, अंगातील रक्त कमी होते.

आज शहरांचे सांडपाणी शेतीसाठी पुन्हा वापरले जाते. अशा पाण्यातील अंडी शोधण्यासाठी काही लिटर पाणी स्थिरावू देतात. तळाचा गाळ यंत्रात वेगाने फिरवून जड द्रावणात मिसळतात. हलकी अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजली जातात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या सिंचनासाठी एका लिटरमध्ये एकाहून अधिक अंडे नसावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सुचविली.

बाबांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. तरीही रोग जेथून पसरतो, ती जागाच त्यांनी झाडायला घेतली. राज्य शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीचे विद्यापीठही त्यांचे नाव धारण करते. मात्र खराट्याने रस्ता स्वच्छ होतो, पाणी नव्हे. सांडपाण्याची शुद्धी आणि त्याची नियमित तपासणी हे बाबांच्या कार्याचे उरलेले अर्धे काम आहे. ते पूर्ण करणे हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.