घोड्यावरून येणारी नर्स

नर्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि तिचा दिवा. मला मात्र अमेरिकेची मेरी ब्रेकिनरिज जास्त जवळची वाटते. डॉक्टरच्या पाठीमागे ट्रे धरून उभ्या राहणाऱ्या नर्सला तिने घोड्यावर बसवलं आणि थेट बाळंतिणीच्या दारात नेलं. १९९८ मध्ये तिच्या देशाने तिच्या नावाचं टपाल तिकीटही काढलं.

मेरीचा जन्म १८८१ चा. घराणं बडं, आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होते. अशा घरातल्या मुलीने लग्न करून घर सांभाळायचं, हीच तेव्हाची रीत. १९०४ मध्ये लग्न झालं आणि दोनच वर्षांत नवरा गेला. पंचविशीत विधवा झालेली मेरी कुढत बसली नाही. न्यूयॉर्कला जाऊन नर्सिंग शिकली, १९१० मध्ये पास झाली. पुढे दुसरं लग्न झालं. १९१६ मध्ये मुलगी झाली ती दिवस भरण्याआधीच, आणि काही तासांतच गेली. १९१८ च्या सुरुवातीला चार वर्षांचा लाडका ब्रेकीही आजारात गेला. आई स्वतः नर्स, पैशाला कमी नाही, तरी दोन्ही मुलं हातची गेली. संसारही टिकला नाही. १९२० मध्ये घटस्फोट घेऊन तिने माहेरचं नाव पुन्हा लावलं.

पहिल्या महायुद्धानंतर ती फ्रान्समधल्या उद्ध्वस्त गावांत काम करत होती. तिथे तिला इंग्रज बायका भेटल्या, ज्या नर्सही होत्या आणि सुईणीही. तिच्या मनाने घेतलं, की आपल्याकडच्या डोंगराळ भागाला अशाच बायका हव्यात. १९२३ मध्ये केंटकीच्या डोंगरांत घोड्यावरून फिरून तिने पन्नासहून जास्त सुईणींची गाठ घेतली. बहुतेक म्हाताऱ्या, शिक्षण नाही. रस्ते नाहीत, डॉक्टर मैलोन् मैल लांब.

आता खरी गोष्ट पुढेच आहे बरं का. नर्सचं शिक्षण होतं, कळवळा होता, ओळखीपाळखी होत्या. लगेच काम सुरू करायला तिला कोण अडवणार होतं? पण नर्सने बाळंतपण करायचं तर त्याचं रीतसर शिक्षण हवं, असा तिचा हट्ट. ते अमेरिकेत मिळण्यासारखं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने सुईणींची परीक्षा आणि नोंदणी सुरू झाली होती. म्हणून चाळिशी उलटलेली मेरी लंडनला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाली, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलं आणि स्कॉटलंडच्या दुर्गम भागातली आरोग्यसेवाही पाहून आली.

१९२५ मध्ये केंटकीच्या लेस्ली काउंटीत काम सुरू झालं. पुढे त्याचं नाव फ्रंटिअर नर्सिंग सर्व्हिस पडलं. साधारण पाच-पाच मैलांच्या टापूला एक केंद्र, खोगिराला औषधांच्या थैल्या. बाळंतपणाची फी पाच डॉलर, नसतील तर घोड्याचा चारा किंवा कोंबड्याही चालत. बाळंतपणाबरोबर लस टोचणं, पोरांचे जंत, म्हाताऱ्यांची दुखणी, सगळंच या नर्सेस बघत.

डॉक्टर जवळ नसताना नर्सने काय करावं? मेरीने याचं उत्तर लिहून घेतलं. लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरांच्या समितीने एक नियमावली तयार केली. कोणतं औषध नर्सने आपल्या अधिकारात द्यायचं, कोणत्या लक्षणाला डॉक्टरला बोलवायचं, सगळं त्यात होतं. आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने मी उपकेंद्रांत जाते, तेव्हा याची किंमत कळते. रात्री एकटी असलेल्या सिस्टरला सुई टोचता येत असते, पण आपण टोचावी की नाही, उद्या काही झालं तर आपल्या बाजूने कोण उभं राहील, ही धाकधूक असतेच.

मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या तज्ज्ञांनी पहिल्या हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यात गरोदरपण किंवा प्रसूतीच्या थेट कारणाने एकही बाई दगावली नव्हती. डोंगरातल्या गरीब बायका होत्या या!

१९३१ मध्ये घोड्यावरून पडून मेरीच्या पाठीचं हाड मोडलं, तरी तिने सूत्रं सोडली नाहीत. दुसरं महायुद्ध सुरू झालं तशा तिच्याकडच्या इंग्रज नर्सेस मायदेशी परतू लागल्या. मग १९३९ मध्ये तिने तिथेच शाळा काढली. एक गोष्ट मात्र मला खटकते. मनातला वर्णभेद तिने कधी सोडला नाही, कृष्णवर्णीय नर्सेसना तिने आपल्या कामात जागा दिली नाही. इतकं सोसलेल्या बाईला एवढं कसं दिसलं नाही, कोण जाणे.

१९६५ मध्ये वेंडोव्हरच्या आपल्या लाकडी घरात ती गेली. १९७० मध्ये तिच्या संस्थेने पूर्ण कुटुंबाला तपासून उपचार करणाऱ्या नर्सेसचा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेत आजही अशा नर्सचा परवाना राज्याराज्यांत वेगळा आहे. कुठे ती स्वतःच्या सहीने औषध लिहून देते, तर कुठे त्यासाठी डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये नर्सेसना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन साधी बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायचं धोरण आखलं.