नान्सेन यांचा हिमवास

ध्रुवप्रदेशातील दीर्घ वास मानवी देह कसा सोसतो, याचा विचार करताना आम्हांस नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०) यांचे स्मरण होते. १८९५ साली ‘फ्राम’ जहाज सोडून ते योहान्सेनसह उत्तर ध्रुवाकडे निघाले, ८६ अंश १४ कलांवरून परतले आणि फ्रान्झ योसेफ द्वीपसमूहात दगडी खोपटात सुमारे नऊ महिने राहिले. अस्वलाचे ताजे मांस, वॉलरसची चरबी आणि भरपूर झोप यांवर त्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले; ताज्या मांसातील क जीवनसत्त्वामुळे स्कर्व्हीही जवळ आली नाही. देह जुळवून घेतो, परंतु त्यास अन्न आणि आसरा हवाच. महायुद्धानंतर निराश्रित झालेल्या लाखोंना हे दोन्ही मिळावे म्हणून नान्सेन झटले. १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना लाभले. हिमाने त्यांचे अंतःकरण गोठविले नाही, यातच आम्ही त्यांचे थोरपण मानतो.