अंतर, वेग आणि काळ

लंडन आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ यांना जोडणारी, वाटेत कोठेही न उतरणारी विमानसेवा २०१८ साली सुरू झाली आणि सुमारे साडेचौदा हजार किलोमीटरांचा प्रवास सतरा तासांच्या आसपास आला. अंतराला वेगाने भागले की काळ मिळतो, हे शाळेतील गणित अशा वेळी आठवते. ते खोटे नव्हे. पण किती अपुरे आहे, हे ॲमी जॉन्सन हिच्या चरित्रावरून कळते.

इंग्लंडमधील हल या बंदरात १९०३ साली एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी तिचा जन्म झाला. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमध्ये वकिलांच्या कचेरीत नोकरी करू लागली. नोकरी सांभाळूनच ती विमानविद्या शिकली. १९२९ साली तिने वैमानिकाचा परवाना मिळविला आणि त्याच वर्षी विमानाच्या देखभालीचा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. वडील आणि लॉर्ड वेकफील्ड यांच्या साहाय्याने तिने 'जिप्सी मॉथ' जातीचे एक जुने विमान घेतले आणि ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली.

लंडन ते डार्विन हे सरळ अंतर सुमारे १३,८०० किलोमीटर. तिला मात्र जवळजवळ १७,७०० किलोमीटर कापावे लागले. कारण इंधन संपण्यापूर्वी आणि अंधार पडण्यापूर्वी उतरण्याजोगी जमीन गाठणे भाग होते. बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरविले. तरीही सहा दिवसांत तिने कराची गाठली. पुढे इंधन अपुरे पडल्याने तिला झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले, तर रंगूनजवळ विमान खड्ड्यात जाऊन त्याचा पंख मोडला. दुरुस्तीत दिवस गेले. २४ मे रोजी, एकोणिसाव्या दिवशी, ती डार्विनला पोहोचली. बर्ट हिंकलरचा १९२८ सालचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडला नाही. परंतु हा प्रवास एकटीने करणारी ती पहिली स्त्री ठरली.

तिच्या विमानाचा वेग ताशी सुमारे १३५ किलोमीटर होता. भागाकार केला तर उत्तर येते साधारण साडेपाच दिवस. उरलेले तेरा-चौदा दिवस इंधन, रात्र, हवामान आणि दुरुस्ती यांनी घेतले. आजचे सतरा तास हे केवळ इंजिनाचे कर्तृत्व नव्हे; पक्क्या धावपट्ट्या, हवामानाचे अंदाज, बिनतारी संदेश आणि असंख्य तंत्रज्ञांचे श्रम त्यांत सामावले आहेत.

पुढे महायुद्धात विमाने तळांवर पोहोचविण्याचे काम तिने पत्करले. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे जाताना, प्रतिकूल हवामानात मार्ग चुकून तिचे विमान टेम्सच्या मुखाशी समुद्रात कोसळले. तिचा देह सापडला नाही. तो प्रवास जेमतेम तास-दीड तासाचा होता. निम्मी पृथ्वी ओलांडणाऱ्या या स्त्रीला घरानजीकचे ते अंतर पार करता आले नाही. विमानतळावरील फलकावर प्रवासाचे तास वाचताना, त्या आकड्यामागे अशी माणसेही उभी आहेत, याचे विस्मरण होऊ नये.