पडलेल्या पावसाचा हिशेब

राजगडाच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या डोंगरात पाली हे गाव आहे. हा सारा भाताचा मुलूख. मृगाने ओढ दिली की रोपे पिवळी पडतात नि भातलावणी लांबते. आणि पाऊस धो धो कोसळला, तरी उतारावरून पाण्याबरोबर मातीही वाहून जाते. हे पाहताना मला महात्मा जोतीराव फुले आठवतात.

शाळा काढणारे जोतीराव आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. त्यांचे शेतकरीपण मात्र आपण विसरतो. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, म्हणजे कमी पावसाच्या टापूतले. 1827 साली जन्मलेल्या जोतीरावांचे बालपण पुण्यात वडिलांच्या फुला-भाजीच्या मळ्याजवळ गेले. पाण्याचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. अनाथ मुलांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडीला अन्नछत्र चालवले. पण पोटाला अन्न देऊन ते थांबले नाहीत. पाऊस चुकला की शेतकरी का मोडतो, याचा त्यांनी शोध घेतला. सरकारचा सारा तीस-तीस वर्षांसाठी ठरलेला आणि रोख भरायचा. पाऊस मात्र कोणाशी बांधलेला नाही. पीक बुडाले की सावकाराचे दार गाठायचे, व्याज वाढले की जमीन सोडायची, आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही म्हणून बलुतेदारांचीही चूल थंड.

1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी उपायही मांडले. डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालावेत, पाणी आधी शेतात मुरावे आणि मग नदीला मिळावे. असे झाले तर विहिरींना पाणी टिकेल. या कामाला सरकारने आपले रिकामे शिपाई लावावेत, असेही त्यांनी सुचवले. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले, तेही याच शेतकऱ्याचे दैन्य राजपुत्राला दिसावे म्हणून.

1890 मध्ये जोतीराव गेले. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने नालाबांध आणि पाझर तलाव हाती घेतले, तेव्हा त्यांच्या लिखाणाला जवळजवळ नव्वद वर्षे होत आली होती. पाऊस लहरी आहे हे तेही जाणत होते. त्याची लहर आपल्या हाती नाही. पण पडलेला पाऊस कुठे अडवायचा आणि पावसाने दगा दिला तर भार कोणी उचलायचा, हे माणसांनीच ठरवायचे असते. मला वाटते, त्यांनी शेतकऱ्याच्या वतीने मागितलेला हिशेब हाच होता.