खराट्याची सेवा : श्रीगाडगे महाराज

वारी परतली की चंद्रभागेच्या वाळवंटात मागे काय उरते, ते आपण वारकऱ्यांनी मनाशी कबूल करावे. तो केर चिंध्या पांघरलेला एक माणूस खराट्याने लोटीत असे. तेच आपले गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यात शेणगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परटाच्या घरी डेबूजी जन्मले. वडील झिंगराजी दारूपायी गेले. पोर आजोळी दापुऱ्यास वाढले. गुरे राखली, नांगर धरला. पुढे मामांची जमीन सावकाराच्या वहीत गेली. दारिद्र्य घरात कोणत्या दाराने शिरते, ते त्यांनी असे डोळ्यांनी पाहिले. म्हणून मुलीच्या बारशाला मटण-दारूला फाटा देऊन त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले तर रुसोत!

१९०५ साली घर सोडले. हाती मातीचे गाडगे आणि खराटा. गावात शिरले की आधी झाडायला लागत. बघणारे ओशाळत, मग एकेक जण हात लावी. आज आपण स्वयंसेवक म्हणतो ना, ते बाबांनी असे केले. बिल्ला नाही, पगार नाही. स्वतः भाकर घेत ती लाकडे फोडून, काहीतरी काम करून. रात्री कीर्तनात ते श्रोत्यांनाच सवाल करीत. ऋण काढून सण करू नका, बकरे मारू नका, शिवाशीव सोडा, पोरे शाळेत घाला, एवढेच सांगणे. स्वतःला मात्र अक्षर येत नव्हते.

पूर्णाकाठी ऋणमोचनास (गावाचे नाव तर पाहा!) लोकांच्या मदतीने घाट बांधला. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उठल्या; मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ खेड्यातून आलेल्या रोग्यांच्या माणसांना पाठ टेकायला जागा झाली. लाखो रुपये जमले, पण बाबांनी त्यावर आपल्या घरच्यांचा हक्क ठेवला नाही. पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. त्या माउलीला हे किती जड गेले असेल! पण गरिबांसाठी दिलेला पैसा गरिबांकडेच पोचतो, असा लोकांचा भरवसा बसला तो यामुळेच, आणि त्या भरवशावर पुढचे दगड रचले गेले.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. १९५२ साली मिशन स्थापून कारभार लोकांच्या हाती सोपविला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस आहे.